रानकोंबड्याच्या मानेचं पीस

दांडेलीच्या रानातला राखी रानकोंबडा एके काळी स्कॉटलंडच्या नद्यांपर्यंत पोचला होता, हे मला उणकलच्या तळ्याकाठी कळलं. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत पिवळे ठिपके असतात. तिकडे सॅल्मन धरायला आकड्यावर पिसं बांधून फ्लाय करतात. तिच्या दोन्ही बाजूंना हा ठिपका डोळा म्हणून बसवायचे. ‘जॉक स्कॉट’ या नामांकित फ्लायमध्ये तो आहेच. समुद्रातून अंडी घालायला नदीत परतलेला सॅल्मन काही खातच नाही. तरी तो फ्लायवर का झडप घालतो, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. अशा न खाणाऱ्या माशासाठी आपल्या सह्याद्रीतला पक्षी मरत होता, ही गोष्ट मला सोडेना. ब्रिटिश सरकारनं 1902 मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी मागणी टिकून राहिली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

हे सांगणारे काका रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. हाताला मिलिमीटरची सवय. तळ्यापासून जवळच त्यांचं घर आहे आणि फ्लाय बांधायचं टेबल पुढच्याच खोलीत. दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो, कारण पिसांना कसर लागते. त्या वासात नेलपॉलिशचाही मिसळलेला. पिवळं नेलपॉलिश. गावठी कोंबड्याच्या काळ्या पिसावर काडीनं त्याचा एक टिपका द्यायचा, वाळू द्यायचा, की रानकोंबड्याचा डोळा तयार. पिसं कोंबडीच्या दुकानातून येतात, एरवी ती कचऱ्यातच जायची. “कोंबडा जून पाहिजे बघा,” ते म्हणाले. “कोवळ्याचं पीस मऊ. पाण्यात पडलं की बसतंय.” पृष्ठभागावर तरंगणारी फ्लाय ताठ केसरांवरच उभी राहते. काका ज्याच्यासाठी फ्लाय टाकतात तो ट्राउट मासा मात्र बहुतेक वेळा पाण्याखालीच चरतो, दगडांना चिकटलेल्या अळ्या खातो. त्यासाठी डोक्याशी पितळी मणी ओवलेल्या, बुडणाऱ्या फ्लाय वेगळ्या.

आकडा व्हाइसच्या चिमट्यात, दोरा, लोकर, पीस, गाठ, व्हार्निश. बांधणं एवढंच. मी पाहत राहिले ते त्याआधीचं काम: पक्कड घेऊन आकड्याचा उलटा काटा चेपून टाकणं. असा आकडा तोंडातून अलगद निघतो, मासा परत सोडता येतो. काटा चेपल्याशिवाय त्यांनी एकही आकडा व्हाइसला लावला नाही.

सराव उणकलच्या तळ्यावर, पहाटे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत. दोरीच्या टोकाला आकडा नसतो, लाल लोकरीचा तुकडा असतो. साध्या गळाला शिसं लावून फेकतात. इथे फ्लायला वजनच नाही, वजन जाड दोरीत. ती मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढं झटका द्यायचा. काकांचं ते थांबणं मला सगळ्यात अवघड वाटलं. घाई केली तर दोरी चाबकासारखी वाजते आणि पायाशी गोळा होते.

मग ते थर्मामीटर पाण्यात सोडतात. “वीस,” ते म्हणतात. “वीस अंशांच्या वर ट्राउटला हात लावायचा नाही.” पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. झुंजून दमलेला ट्राउट सोडला तरी वाचेलच असं नाही. उणकलचं पाणी वीसच्या कितीतरी वर, इथे ट्राउट कसा असेल? तरी ते मोजतात, सवय मोडू नये म्हणून. ट्राउट या देशाचा नव्हेच. 1900 साली ब्रिटनमधून त्याची अंडी काश्मीरला आली, पुढं कुलूकडं आणि निलगिरीतही तो रुजवला गेला. त्या थंड ओढ्यांतही उन्हाळ्याच्या दुपारी वीसचा आकडा पाहावा लागतो.

पाण्यागणिक त्यांच्या डबीतले कप्पे वेगळे. तीर्थन नदी दगडांवरून उसळते, तिथे जड मण्याच्या फ्लाय. कोकरनागकडचं झऱ्यांचं पाणी नितळ आणि संथ, तिथे मासा आधी माणसाला पाहतो, म्हणून फ्लाय बारीक आणि दोराही बारीक.

उणकलमध्ये आकडा लावून का टाकत नाही, असं मी विचारलं. त्यांनी जलपर्णीकडं बोट केलं. सांडपाण्यावर पोसलेली ती पसरली की खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही आणि कुजताना ती प्राणवायू खाते. “इथल्या माशाला आधीच धाप लागलीय. त्याच्याशी काय झुंजायचं?” मला हे पूर्ण पटलं. शहरानं तळ्याभोवती बाग केली, पुतळा उभारला. पाण्याकडे मात्र या थर्मामीटरवाल्या माणसाइतकं बारकाईनं पाहणारं तिथे मला दुसरं कोणी दिसलं नाही.

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, म्हणून काका ऑक्टोबरात तीर्थनला जाणार आहेत. मत्स्य विभागाचा परवाना तिथे पोचल्यावर काढायचा. पिवळ्या ठिपक्याच्या फ्लाय मात्र सोबत न्यायच्या नाहीत. त्या सॅल्मनच्या, आणि सॅल्मनची नदी आपल्याकडे एकही नाही. मग बांधता कशाला, या प्रश्नावर ते म्हणाले, “पक्षी न मारता होतंय, हे दाखवायला कुणीतरी बांधायला पाहिजे की.”