बाटलीत नेमकं आहे काय?

मुलांनो, ही आमच्या ढोकीच्या शाळेतली गोष्ट. सातवीतली एक मुलगी गालावर ओढणी धरूनच वर्गात आली. ओढणी बाजूला करायला लावली तर गाल लालभडक! चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या जाव्यात म्हणून तिनं बाजारातून 'टी ट्री ऑइल'ची बाटली आणली होती आणि रात्री ते तेल तसंच्या तसं चोळलं होतं. "बाई, चहाच्या झाडाचं तेल आहे. त्यानं काय होतंय?" ती रडवेली होऊन म्हणाली.

दवाखान्यात नेलं. चार दिवसांत गाल बरा झाला. बाटली मात्र मी ठेवून घेतली.

पहिली गफलत नावातच आहे बघा. हे चहाचं झाड नव्हेच. हे झाड ऑस्ट्रेलियातलं, आपल्या निलगिरीच्या आणि जांभळाच्या कुळातलं. तिथले मूळ रहिवासी बंजालंग लोक त्याचा पाला जखमांवर वापरत. कॅप्टन कुकच्या खलाशांनी अशाच एका झुडपाचा पाला उकळून चहासारखा प्यायला, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आणि आपल्या परसातला गवती चहा तरी कुठं चहा आहे? तेही गवतच की!

त्याच गवती चहाची एक गंमत करून बघा. आई चहा उकळत असेल तेव्हा पातेल्यावर झाकण ठेवायला सांगा. थोड्या वेळानं झाकण उचललं की आतल्या बाजूला थेंब दिसतील. गार झाल्यावर त्यांचा वास घ्या. गवताला वास देणारं तेल वाफेवर बसून वर आलेलं असतं! पाल्यातून वाफ सोडायची, ती गार पाण्यातल्या नळीतून न्यायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. सुगंधी तेलाची भट्टी म्हणजे एवढंच. फक्त तेल येतं फार थोडं. उसाच्या गावातल्या मुलांना 'उतारा' हा शब्द सांगायला नको. १०० किलो उसातून साधारण १० किलो साखर निघते. टी ट्रीच्या १०० किलो पाल्यातून एक-दोन किलो तेल निघालं तरी खूप झालं.

आता जी वस्तू इतकी थोडी आणि इतकी महाग, तिच्यात कोणी भेसळ करणार नाही असं होईल का? याची सगळ्यात भारी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

खानदेशात डोंगरउतारावर रोशा नावाचं गवत उगवतं. त्याला गुलाबासारखा वास असतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार या भागात पावसाळा सरला की ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या. फुलोऱ्यावर आलेलं गवत कापायचं, कारण तेल जास्त करून फुलोऱ्यातच असतं. हंड्यात गवत आणि पाणी, वर झाकण, वाफ न्यायला बांबूची नळी. खालचं पाणी आटलं की गवत करपे आणि तेलाला जळका वास लागे. म्हणजे तेलाचा कस भट्टीवाल्याच्या हातात!

हे तेल मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथं ते उन्हात ठेवून उजळ करत आणि पुढं बल्गेरियात पाठवत. कशासाठी? गुलाबाच्या तेलात भेसळ करण्यासाठी! एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. काही महाभाग तर भट्टीत टाकण्याआधी फुलांवरच रोशाचं तेल शिंपडत. आणि खरी कडी पुढंच आहे. त्या रोशाच्या तेलातही वाटेत कोणी टर्पेंटाईन, कोणी रॉकेल, कोणी खोबरेल घालत असे. भेसळीच्या मालातच भेसळ!

पण तपासणारेही काही कमी नव्हते. खोबरेल घातलं असेल तर तेल बर्फात ठेवायचं, खोबरेल थिजतं. रॉकेल असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये तेल नीट विरघळत नाही, गढूळ होतं. आता गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र तेलातला एकेक घटक वेगळा करून मोजतं. टी ट्रीच्या तेलाला तर आंतरराष्ट्रीय मोजमाप ठरलेलं आहे. त्यात टर्पिनेन-४-ओल हा मुख्य घटक निदान ३५ टक्के हवा आणि सिनिओल १० टक्क्यांच्या वर नको.

आपल्या शाळेत कुठलं आलं यंत्र! आम्ही कागद घेतला. त्यावर बाटलीतल्या तेलाचा एक थेंब टाकला, शेजारी स्वयंपाकाच्या तेलाचा एक. वाफेवर काढलेलं सुगंधी तेल उडून जातं, तेलकट डाग ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही डाग जिथल्या तिथं! म्हणजे बाटलीत दुसरं तेल मिसळलेलं होतं. लेबलावर मात्र '१०० टक्के शुद्ध'.

पण डाग पडला नाही म्हणजे तेल शुद्ध, असंही समजू नका. टर्पेंटाईनसुद्धा उडून जातं. आणि अस्सल तेलही न मिसळता लावलं तर कातडीला झोंबू शकतं. शिवाय उजेडात, हवेत राहून ते जुनं झालं की जास्तच झोंबतं. म्हणून ते गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत घट्ट बंद ठेवतात. आमची बाटली पांढरी, पारदर्शक होती! हे तेल पोटात मात्र कधीच घ्यायचं नाही बरं का, ते विषारी आहे. धाकट्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका.

ती बाटली अजून वर्गाच्या कपाटात आहे. दार उघडलं की वास येतो आणि मुलांचं भांडण पुन्हा सुरू होतं, आत मिसळलेलं तेल सरकीचं की शेंगदाण्याचं!