माडावरून पडलेल्यांची नोंद

मालवण किनाऱ्यावर कुणी माडावरून पडला की पहिली धावपळ गाडीसाठी होते, आणि दुखापत गंभीर असली तर गाडी बहुधा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाची वाट धरते. तो किती उंचीवरून पडला, झाड पावसाने निसरडं होतं का, पुढच्या वर्षी पुन्हा माडावर चढू शकला का, हे सगळं डॉक्टरांच्या आठवणीत किंवा एखाद्या जुन्या फाइलीत राहतं. माझ्या मते उपचाराइतकीच ही नोंद मोलाची आहे, आणि तिची खरी जागा आहे अस्थिशल्यचिकित्सेचं नियतकालिक. तिथे लेख आला की संपादक तो त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडे पाठवतात; ते शंका काढतात, दुरुस्त्या सांगतात, प्रसंगी साभार परत करायला लावतात. असं एक नियतकालिक, ‘जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक केस रिपोर्ट्स’, 2011 पासून आपल्या ठाण्यातूनच निघतं.

नुसत्या नोंदीने काय साधतं, ते पापुआ न्यू गिनीत दिसलं. तिथल्या अलोटाऊ या किनारी गावच्या रुग्णालयात डॉ. पीटर बार्स यांनी चार वर्षांचे दाखले चाळले. अपघाताने दाखल झालेल्यांपैकी अडीच टक्के रुग्ण अंगावर नारळ पडून जखमी झाले होते. 1984 मध्ये ‘जर्नल ऑफ ट्रॉमा’ने हा लेख छापला, 2001 मध्ये त्याला गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं आणि जग हसलं. माडाखाली घर असलेल्याला त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही. पुढे ‘नारळ पडून दरवर्षी दीडशे माणसं मरतात’ अशी आवई उठली. तिला आधार नाही, हे मूळ लेख उघडला की कळतं.

एकट्यादुकट्या रुग्णावरून काय सिद्ध होतं, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेचं ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’ 2003 पासून लेखांना पुराव्याची पातळी लावतं, आणि एकेका रुग्णाच्या हकिगतीला त्या उतरंडीत वरची जागा नाही. पण वेगळं काही घडतंय, हे पहिल्यांदा कळतं ते अशाच हकिगतींतून. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: तज्ज्ञांची नजरही चुकते. जपानच्या योशिहिरो सातो यांचे खुब्याच्या फ्रॅक्चरवरचे लेख नामांकित नियतकालिकांनी छापले आणि नंतर बनावट आकड्यांमुळे ते डझनांनी मागे घ्यावे लागले. मात्र ती लबाडी पकडता आली, कारण आकडे छापलेले होते आणि इतरांना ते पडताळता आले. तोंडी सांगितलेल्या यशाची अशी झडती कोण घेणार?

सिंधुदुर्गनगरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अस्थिरोग विभागाने माडावरून पडलेल्यांची वेगळी नोंदवही यंदापासूनच उघडावी.