दडवलेला पुरावा मोजायचा कसा?

सरकारी वकिलाचं काम खटला जिंकणं, असं आपण सहज धरून चालतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ‘ब्रेडी विरुद्ध मेरीलँड’मध्ये वेगळं सांगितलं: आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा त्याने मागूनही दिला नाही, तर न्याय झाला नाही, मग सरकारी वकिलाचा हेतू काहीही असो.

पण ‘महत्त्वाचा’ म्हणजे काय? १९८५ च्या ‘बॅग्ली’ निकालानुसार, तो पुरावा दिला असता तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता हवी. गोम इथेच आहे. खटल्याआधी हे ठरवतो कोण? ज्याला शिक्षा मिळवायची आहे, तोच.

न्यू ऑर्लिन्सच्या जॉन थॉम्पसनचं उदाहरण घ्या. १९८५ मध्ये तो आधी सशस्त्र लुटीच्या प्रयत्नात दोषी ठरला. ती शिक्षा पुढे येईल म्हणून खुनाच्या खटल्यात त्याने साक्षच दिली नाही. मृत्युदंड झाला. लुटारूचं रक्त ‘बी’ गटाचं होतं, थॉम्पसनचं ‘ओ’. प्रयोगशाळेचा अहवाल सरकारी वकिलांना मिळाला होता. बचाव पक्षाला दिला नाही. मृत्युदंडाला महिनाभर उरला असताना, १९९९ मध्ये, बचाव पक्षाच्या तपासनीसाला तो पोलिसांच्या प्रयोगशाळेत सापडला. अठरा वर्षं तुरुंगात काढून २००३ मध्ये थॉम्पसन निर्दोष सुटला.

आता संशोधक म्हणून विचार करा. निकालपत्रं चाळून आपण मोजतो ते फक्त सापडलेले कागद. जे फायलीतच राहिले, ते कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत. त्यामुळे ‘असे खटले थोडेच आहेत’ हा निष्कर्ष लिहिण्याआधी थांबा: थोडे आहेत, की थोडेच सापडलेत?