किती वेळ थांबायचे?

वर्गात प्रश्न विचारल्यावर आपण उत्तरासाठी किती थांबतो? घाई केली तर विचार करणारे मूल मागे पडते. फार थांबलो तर वर्ग खोळंबतो. संगणकात हार्ड डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हर या आज्ञावलीपुढे हाच पेच असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होतो. तरीही लिनक्समध्ये तिच्या उत्तरासाठी मुळात ३० सेकंदांची, म्हणजे ३६०० फेऱ्यांची, मुदत असते. का बरे? थांबलेली डिस्क गती घ्यायला काही सेकंद लावते. खराब जागेवरची माहिती ती पुन्हापुन्हा वाचून पाहते. काही घरगुती डिस्क त्यात ३० सेकंदांहूनही अधिक घेतात. तेवढ्यात ड्रायव्हरने धीर सोडला, तर हाती येऊ शकणारी माहिती जाते. म्हणून मुदत ठरवताना आपण नेहमीचा वेग नव्हे, तर उपकरणाची सर्वांत अवघड घडी पाहावी.