कोवळं ऊन आणि लेसर

रत्नागिरीजवळच्या पालीला शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका बाईंनी विचारलं, "माझ्या वर्गातल्या एका मुलाला सोरायसिस आहे. आजी त्याला रोज कोवळ्या उन्हात बसवते, पण गुण नाही. आता कुणी लेसर सुचवलंय. उन्हाने होत नाही ते लेसरने कसं होणार?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्या मुलाला खेटून बसलं तरी तो कुणाला होत नाही. आपल्याच रक्षक टी-पेशी त्वचेत जमून दाह निर्माण करतात. एरवी त्वचेची पेशी तयार होऊन गळायला महिनाभर लागतो. चट्ट्यात हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं आणि पापुद्रे साचतात.

१९८१ साली पॅरिश आणि जेनिके यांनी वेगवेगळ्या तरंगलांबीचे अतिनील किरण चट्ट्यांवर टाकून पाहिले. २९० नॅनोमीटर व त्याखालच्या किरणांनी त्वचा भाजली, चट्टा मात्र तसाच राहिला. ३०० ते ३१३ च्या अरुंद पट्ट्यात चट्टे विरले. हे किरण टी-पेशींमधल्या डीएनएत शोषले जातात आणि त्या पेशी मरतात.

सकाळचं ऊन तिरपं येतं. ओझोनमधून लांबचा रस्ता कापताना नेमका हाच पट्टा बहुतांशी गाळला जातो. म्हणजे आजीचं ऊन सोसवतं, कारण त्यात औषधच जवळजवळ नाही! दुपारच्या उन्हात ते असतं, पण निरोगी कातडीही भाजते, आणि भाजलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

इथे एक्सायमर लेसर उपयोगी पडतो. झेनॉन हा राजवायू. एरवी क्लोरीनशी जोडी जमवत नाही. विजेने उत्तेजित केलं की क्षणभर जमवतो, ३०८ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, आणि जोडी मोडते. या रेणूला वरचा मजला आहे, तळमजलाच नाही. त्यामुळे खाली रेणू साठून प्रकाश शोषून घेत नाहीत, आणि लेसर सहज चालतो. रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी गंमत आहे ही.

सोरायसिससाठी हा लेसर १९९७ साली हंगेरीतल्या डॉक्टरांनी वापरून पाहिला. २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. झोत फक्त चट्ट्यावर पडतो. चट्टा निरोगी त्वचेपेक्षा जास्त मात्रा सोसतो, म्हणून ती वाढवता येते आणि बैठका कमी लागतात. तरीही आठवड्यातून दोनदा, कित्येक आठवडे जावं लागतं. गावाकडून एसटीने येणाऱ्याला हे सोपं नाही. मलमं चालूच ठेवायची असतात, आणि आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. 'लेसरने कायमचा बरा' अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागावं.

चट्टे अंगभर असतील तर ठिपक्या-ठिपक्याने लेसर देणं परवडत नाही. तिथे ३११ नॅनोमीटरच्या नळ्यांची पेटी बरी. अंदाज घ्यायला डॉक्टर रुग्णाचाच तळहात वापरतात. बोटांसकट तळहात म्हणजे अंगाच्या त्वचेचा साधारण एक टक्का. दहाच्या आत असेल तर लेसरचा विचार होतो.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "कोपरं आणि गुडघे मिळून दोनच तळहात होतील त्याचे," त्या म्हणाल्या.