ओवी, अभंग आणि क्रूस

जुन्नर तालुक्यांत भाविकांचीं दोन प्रसिद्ध स्थानें आहेत. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखें वेद वदविले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधि आळें येथें आहे. तुकोबांचे गुरु मानले गेलेले बाबाजी चैतन्य यांची ओतूर येथें. पहिल्या स्थानानें ओवी आठवते, दुसऱ्यानें अभंग. याच दोन वाटांनीं एक मराठी ख्रिस्ती दांपत्य दुःखास सामोरें गेलें.

नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं सोवळेंओवळें काटेकोरपणें पाळणाऱ्या होत्या. १९०० सालीं त्यांनीं स्वतः ती दीक्षा घेईपर्यंतचीं वर्षें ताटातुटीचीं आणि मनस्तापाचीं गेलीं. ज्या श्रद्धेनें पुढें त्यांस आधार दिला, तिनेंच आधीं त्यांचा संसार विस्कटला, हें सोडून या दांपत्याविषयीं लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आपण तुकोबांच्या मार्गानें ख्रिस्तापर्यंत आलों, असें टिळक म्हणत. त्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. दुष्काळ, दिवाळें आणि पहिल्या पत्नीचा मृत्यु सोसून तुकोबा देवाशीं भांडले, रडले. पण त्याला सोडून गेले नाहींत. ख्रिस्ती श्रद्धेंत तर देव स्वतःच क्रूसावर वेदना भोगतो. दुःख कां येतें, याचा उलगडा दोन्हीकडे पुरता होत नाहीं. दुःखांत आपणांसोबत कोण आहे, हें मात्र दोन्हीकडे निःशंकपणें सांगितलें आहे. म्हणूनच टिळकांची ख्रिस्तभक्ति अभंगांत सहज उतरली.

‘ख्रिस्तायन’ हें काव्य त्यांनीं ओवींत आरंभिलें; परंतु ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें व तें अपुरें राहिलें. लक्ष्मीबाई शाळेंत शिकलेल्या नव्हत्या. तथापि पतीचें अर्धें राहिलेलें काम त्यांनीं हातीं घेतलें. ओवी त्यांस परकी नव्हती. आमच्या आज्या-पणज्यांनीं आपलीं दुःखें जात्यावर ओवींतच सांगितलीं. पुत्रशोकानें क्रूसाखालीं उभी राहिलेली माता ओवींत आली म्हणजे कोणत्याही मराठी आईस ती परकी वाटावी कशी? हें काव्य १९३८ सालीं, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झालें.

त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून चार भागांत निघालीं. त्यांत दुःख लपविलेलें नाहीं आणि मिरविलेलेंही नाहीं. पतीचा लहरीपणा त्या जितक्या मोकळेपणानें सांगतात, तितक्याच मोकळेपणानें स्वतःच्या हट्टासही हंसतात. विनोदाच्या मुळाशीं क्षमा असल्यावांचून असें लिहितां येत नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत बायकांचें दुःख बहुधा माजघराबाहेर येत नसे, आणि धर्म सोडून गेलेल्याचें नांवही कोणी काढीत नसे. लक्ष्मीबाईंनीं या दोन्ही गोष्टी उघडपणें, परंतु कडवटपणा न ठेवतां सांगितल्या. ज्या घरांत मतभेदानें एखाद्याचें ताट वेगळें झालें असेल, त्या घरानें हें पुस्तक एकत्र बसून वाचावें.