स्वस्त बेस गिटारचा जीर्णोद्धार

बोरी अरबसारख्या गावात, जिथे वाद्याचे सुटे भाग बाहेरून मागवणे क्रमप्राप्तच असते, तिथे अल्प किमतीच्या बेस गिटारात फेरफार करू इच्छिणाऱ्याने प्रथम पिकअपच्या मोहात न पडता तारांकडे लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. कारण मूळच्या निकृष्ट तारांच्या जागी ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा नवा संच चढवून, मानेतील पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, बेताबेताने फिरवून मानेचा बाक दुरुस्त केला, की निम्मी तक्रार तिथेच निकालात निघते. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची टोके बोटांना बोचू लागतात. ती बारीक कानशीने घासावीत.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली आणलेल्या, नटापासून ब्रिजपर्यंत ३४ इंच अंतर असलेल्या ‘प्रिसिजन बेस’मध्ये १९५७ साली दुभागलेले पिकअप आले, आणि त्याच्या दोन्ही अर्ध्यांची वेटोळी व चुंबके परस्परविरुद्ध असल्यामुळे विजेची घरघर बहुतांशी लोप पावते, सबब याच घाटाचे पिकअप पसंत करावे, हे माझे मत. मात्र स्वस्त वाद्यांतील खाचा कधी किंचित निराळ्या असतात, म्हणून मागणीपूर्वी मोजमापाची खातरजमा अवश्य करावी. डाख लावायचाच आहे, तर २५० किलोओमचे पोटेन्शिओमीटर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही त्याच बैठकीत बदलावा, खर्च किरकोळ.

खुंट्या सूर धरून ठेवत असतील, तर केवळ चकाकीसाठी त्या बदलू नयेत.